खळ्यावरची शर्यत

गाडी पळते, असं भोईरकाकांसमोर म्हणायची सोय नव्हती. "गाडी पळत नाही. गाडी सुटते आणि गाडी पोचते. पळतात ते प्रवासी," असं ते म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे.

खोपटच्या एसटी डेपोत तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या. वाहतूक नियंत्रक. म्हणजे काचेच्या खिडकीमागे माइक घेऊन बसलेला माणूस, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कधी सुटणार ते सांगणारा. गाडी लेट झाली की आपण ज्याच्यावर खेकसतो, तो. काकांवर तीस वर्षं ठाणे जिल्हा खेकसला. त्यांचा आवाज कधी चढला नाही. "माणूस माझ्यावर नाही ओरडत. घड्याळावर ओरडतो. मी मध्ये बसलेला," एवढंच म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर ते ठाकुर्लीत आमच्या समोरच्या दारात राहायचे. मी पत्रकं लिहिते. खड्डे, गटारं, न येणारं पाणी, येऊन जाणारे नगरसेवक. काका मला पुढारीणबाई म्हणायचे. प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी मी त्यांना दाखवायचे, कारण बिल्डिंगमध्ये शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे ते एकटेच. चष्मा कपाळावरून खाली यायचा, पेन खिशातून बाहेर यायचं, आणि शेरा ठरलेला असायचा.

"सभा कधी आहे?"

"लिहिलंय की काका. रविवारी सायंकाळी."

"सायंकाळी म्हणजे कधी?"

"सहा-साडेसहा."

"सहा की साडेसहा? लोकांनी सहाला यायचं आणि पुढाऱ्याने साडेसहाला, असं आहे काय? नीट लिही. वेळ लिहिली की माणूस बांधला जातो."

मी चिडायचे. पण लिहायचे. आमच्या सभा वेळेवर सुरू होतात असं आज लोक सांगतात. ते श्रेय माझं नाही.

या माणसाला गाड्यांच्या शर्यतीचं वेड असेल, असं कुणाला वाटलं नसतं. मलाही वाटलं नाही. मुख्यतः मला रागच आला. डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, एका बिल्डरचं नवं नगर उभं राहतंय. टॉवर अर्धेमुर्धे, पण रस्ते आधीच तयार. गुळगुळीत, रुंद, मधोमध झाडं लावलेले. चारी बाजूंनी उंच पत्रे ठोकलेले आणि फाटकावर वॉचमन. सरकारी आराखड्यात तो सार्वजनिक रस्ता आहे. कागद माझ्याकडे आहे. तरी वर्षभर आत कोणाला सोडत नसत. फक्त थंडी सरता सरता एक रविवार गाडीवेड्यांचा एक क्लब तो रस्ता मागून घ्यायचा आणि तिथे टाइम अटॅक नावाची शर्यत व्हायची. त्या दिवशी फाटक सताड उघडं. कोणीही या, बघा.

"चल गो पुढारीण," काका म्हणाले. "शिव्या द्यायच्या तर बघून दे."

म्हणून गेले.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ, गळ्यात दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच, हातात घडीचं स्टूल आणि काकूंनी दिलेला डबा. दरवर्षी हाच थाट. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला शर्यत समजावून सांगितली. इथे सगळ्या गाड्या एकदम सोडत नाहीत. एक गाडी, मोकळा रस्ता, नारिंगी शंकू ठेवून आखलेली वळणं, आणि घड्याळ. सगळ्यांत कमी वेळात फेरी पुरी करेल तो पहिला. कोणाला मागे टाकायचं नाही, कोणाला कट मारायचा नाही.

"बाकीच्या शर्यतीत माणूस दुसऱ्याला हरवतो," ते म्हणाले. "इथे समोर कोणीच नाही. हरला तर बोट कोणाकडे दाखवणार? हीच खरी ड्युटी."

मी सरळ सांगते, मला मजा आली. येऊ नये असं ठरवून गेले होते, तरी आली. गाडी सुटते, मग ती वळणावर झुकते, टायर किंचाळतात, आणि सगळे फलकावरच्या आकड्याकडे बघतात. काका फलकाकडे बघत नसत. ते स्वतःच्या स्टॉपवॉचकडे बघत आणि शाळेच्या वहीत लिहीत. मी विचारलं, मशीन आहे ना तिथे, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "मशीन चुकत नाही. पण गाडी लेट का झाली, ते मशीन विचारत नाही."

आणि ते खरोखरच विचारायचे. फेरी संपवून घामाघूम झालेला ड्रायव्हर हेल्मेट काढतोय, आणि समोर पांढऱ्या शर्टातला हा म्हातारा, वही उघडून.

"दुसऱ्या वळणावर वेळ गेला. कारण?"

पोरं आधी बावचळायची. मग सांगायची. गिअर अडकला. ब्रेक लवकर मारला. एकाने खरं सांगितलं, "घाबरलो, काका." काकांनी तेही लिहून घेतलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. "हे कारण चालतं. पंक्चर सांगितलं असतंस तर चाललं नसतं."

माझ्या पहिल्याच वर्षी एक प्रकार झाला. लाउडस्पीकरवरचा निवेदक सगळं इंग्रजीत बोलत होता. आजूबाजूच्या गावांतली माणसं, बायका, कडेवर पोरं घेऊन आलेली, त्यांना काही कळेना कोण आलं, कोण गेलं. मग तो निवेदक चहा प्यायला गेला आणि माइक टेबलावर राहिला. काका उठले. माइक हातात घेतला, एकदा फुंकला, आणि तीस वर्षांचा आवाज त्या मोकळ्या रस्त्यावर पसरला.

"प्रेक्षकांनी कृपया लक्ष द्यावं. आरंभरेषेवर लागलेली लाल रंगाची गाडी क्रमांक सतरा, चालक कल्याण मुक्कामी साबळे, थोड्याच वेळात सुटेल. मार्गावर कोणी उभं राहू नये. आपल्या मुलांना आणि सामानाला सांभाळावं."

लोक असे हसले की बस. एक बाई ओरडली, "मास्तर, मुरबाड गाडी कवा हाय?" काका एक क्षणही न थांबता म्हणाले, "मुरबाड गाडी लेट आहे. वाट पाहावी." पुढचा तासभर माइक त्यांच्याकडेच राहिला. निवेदक परत आला, बघितलं, आणि दुसरा चहा घ्यायला गेला.

तो लाल गाडीवाला साबळे कल्याणचा गॅरेजवाला. तिशीतला. जुनी छोटी गाडी स्वतःच्या हातांनी सुधारून आणायचा. बाकीच्यांच्या गाड्या त्याच्या गॅरेजपेक्षा महाग. पुढच्या वर्षी तो मेटाकुटीला आलेला, कारण तिसऱ्या वळणावर त्याची गाडी दर फेरीला उसळायची आणि वेळ जायचा. काका त्याच्याकडे गेले. वही नाही, काही नाही.

"तिथे डावीकडून जाऊ नको. उजवीकडनं घे, अगदी कडेने."

"काका, उजवीकडून लांब पडतं."

"लांब पडू दे. डावीकडे खाली जमीन नाही, चिखल आहे. वरून डांबर कितीही घाल, ती बसणार. डोळ्यांना दिसत नाही, गाडीला कळतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

काका नुसते हसले. साबळे उजवीकडून गेला. गाडी उसळली नाही. त्याच्या त्या वर्षीच्या सगळ्यांत चांगल्या वेळेवर तो शेवटून तिसरा आला. पहिला आल्यासारखा धावत येऊन काकांच्या पाया पडला.

मला तेव्हाच विचारायला हवं होतं, कसं ठाऊक म्हणून. मी समजले, तीस वर्षं एसटीत, रस्ते कळत असतील. आणि आणखी एक गोष्ट मी बघितली आणि सोडून दिली. सगळी गर्दी सुरुवातीच्या रेषेजवळ, मांडवाच्या सावलीत. काका मात्र तिसऱ्या वळणाशी, उन्हात, स्टूल टाकून. आणि तिथे गेले की चपला काढायचे. स्टुलाखाली सरळ जोडून ठेवायचे आणि अनवाणी बसायचे.

"पाय भाजतील, काका."

"सवय हाय."

एरवी शुद्ध बोलणारे काका हे असं मध्येच घरचं बोलून जायचे. मी लक्ष दिलं नाही. मी लोकांसाठी लढते ना. माणसांकडे बघायला वेळ कुठे असतो?

मग ते घडलं, ज्यावर मी पत्रक लिहिलं. त्या कुंपणापलीकडे एक गाव आहे. रस्ता उघडा असता तर मोठ्या दवाखान्यापर्यंत सरळ वाट. बंद, म्हणून खड्ड्यांतून मोठा वळसा. तिथली एक बाई बाळंतपणात अडलेली, रिक्षात. रिक्षावाल्याने फाटकाशी हात जोडले. वॉचमन म्हणाला, परमिशन नाही. वळसा घालून पोचले तोवर उशीर झाला होता. बाई वाचली. बाळ राहिलं नाही.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. 'ज्या रस्त्यावर श्रीमंतांच्या गाड्या हौसेने सेकंद मोजतात, त्याच रस्त्यावर गरिबाच्या लेकराला एक मिनिट मिळत नाही.' आणि खाली, ठळक अक्षरात: 'एक तर हा रस्ता सर्वांसाठी खुला करा, नाहीतर ही शर्यत बंद करा!'

हे आमचं नेहमीचं हत्यार. समोरच्याच्या आवडीच्या गोष्टीवर बोट ठेवायचं, म्हणजे तो नावडती गोष्ट करतो. शर्यतीच्या दिवशी बिल्डरला मोठं मिरवायला मिळायचं, गिऱ्हाइकं यायची, फोटो निघायचे. शर्यत त्याला सोडवणार नाही, तो रस्ता उघडेल, असं आम्ही समजलो.

हे एकच पत्रक मी काकांना दाखवलं नाही. त्यांच्या शर्यतीवर घाव घालतेय हे मला कळत होतं. म्हातारा दुखावेल, रदबदली करेल, आणि मी विरघळेन. म्हणून त्यांचं दार टाळून थेट छापखान्यात गेले.

पत्रक गाजलं. आम्ही फाटकावर मोर्चा नेला. आणि दोन महिन्यांनी बिल्डरकडून सुबक भाषेत उत्तर आलं. नागरिकांच्या मागणीचा आदर राखून यापुढे तिथे कोणतीही शर्यत होणार नाही. सुरक्षिततेच्या कारणाने फाटक कायमचं बंद राहील.

दोनपैकी त्यांनी त्यांना परवडणारी मागणी मान्य केली. आमचेच शब्द वापरून.

तरी आमच्यातल्या काहींनी गुलाल उधळला. अर्धी लढाई जिंकलो म्हणे. मी पत्र घेऊन काकांच्या दारात गेले. भांडायची तयारी करूनच गेले होते. गाड्यांची मजा मोठी की बाळाचा जीव, हे वाक्य जिभेवर तयार होतं.

काकांनी चष्मा खाली घेतला. पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. घडी घालून परत दिलं.

"तुझं पत्रक वाचलं मी स्टेशनवर," म्हणाले. "चांगलं लिहिलंयस. वेळही बरोबर लिहिलीस मोर्चाची."

"काका, त्या बाळाचं—"

"बरोबर हाय, पोरी. ता बाळ आधी."

एवढंच. जिभेवरचं वाक्य जिभेवरच राहिलं. काका उठून गॅलरीत गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ.

"वरसातून एक दिस जात व्हते आपल्या जाग्यावर," त्या म्हणाल्या. "आता ता पन गेला."

"आपल्या जागेवर म्हणजे?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी मोठी झालीस, एवढी शिकलीस, आणि हे तुला ठाऊक नाही?

"तिसरा वलान हाय ना गो, थय खला व्हता आमचा. भात झोडायचा. त्याच्या बाजूला खाडीची उघाडी. खल्यान चपला घालून कोन जातो?"

उघाडी म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेली झडप. तिच्याजवळची माती कायम ओली. साबळेला उजवीकडून जायला का सांगितलं, ते मला तिथे, त्या दारात कळलं. चपलांचंही.

गॅलरीतून काका आत आले आणि मी न विचारता सांगू लागले. रागाने नाही, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. जमीन विकायचं भावांचं ठरलं होतं. काकांचं मन होत नव्हतं, म्हणून ते घरी कागदाला हात लावत नव्हते. तर एक दिवस भाऊ आणि दलाल कागद घेऊन डेपोतच आले. खिडकीतून आत सारले. शहापूर गाडी फलाटावर लागलेली, वाहक नोंदीसाठी उभा, मागे रांग ओरडतेय.

"वाचायला घेतले असते तर गाडी लेट झाली असती," काका म्हणाले. "मी सही केली. मग माइक घेतला."

"आणि गाडी?"

"वेळेवर सुटली."

ते हसले नाहीत. मी पहिल्यांदाच पाहिलं, गाडी वेळेवर सुटल्याचं सांगताना काकांचा चेहरा पडलेला.

पहिल्या वर्षी ते फक्त जागा बघायला गेले होते, असं काकू म्हणाल्या. फाटक उघडं आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून. संध्याकाळी परतले ते गाड्यांच्या गोष्टी सांगत. आपल्या खळ्यावरून एवढ्या वेगाने कोणीतरी जातंय आणि तरी आपल्याला वाईट वाटत नाही, याचंच त्यांना नवल वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी स्टॉपवॉच घेतलं. त्यांची जागा बघणं आणि गाड्या बघणं, यातलं खरं कोणतं, असं मला कोणी विचारू नये. दोन्ही खरं होतं. माणसाला दोन गोष्टी एकदम आवडू शकतात, हे पत्रकात लिहिता येत नाही.

काका पावसाळ्यापूर्वी गेले. आजारपण मोठं नव्हतं, धावपळ करायला कोणाला वेळच मिळाला नाही. रस्ता अजून बंद आहे. त्या गावाच्या बायका आजही वळसा घालून जातात. आमचा लढा चालू आहे आणि मी तो सोडणार नाही. आता आम्ही एकच मागणी लिहितो.

पण काका म्हटलं की मला ते शेवटचे दिवस आठवत नाहीत. त्या वर्षीच्या शर्यतीचा, म्हणजे न झालेल्या शर्यतीचा, रविवार आठवतो.

सकाळी काकू धावत आल्या. काका डबा न घेताच निघाले होते. कुठे जाणार ते मला कळलं. स्कूटर काढली. फाटकाशी पोचले तर काका वॉचमनसमोर उभे, पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. वॉचमन नवा होता. बिचारा समजावत होता, "बाबा, इधर कुछ नहीं है आज. रेस बंद हो गया."

"मला रेस नको. पाच मिनिटं आत जाऊन येतो."

"परमिशन नहीं है, बाबा."

मग मी सुरू झाले. जे मला येतं ते. आराखडा, सार्वजनिक रस्ता, तुझ्या साहेबाला फोन लाव, व्हिडिओ काढते, नाव काय तुझं? वॉचमन घाबरला, मी आणखी चढले. मधेच माझ्या लक्षात आलं, काका तिथे नाहीत.

ते कुंपणाच्या कडेकडेने चालत गेले होते. एक हात पत्र्यावर ठेवून. पन्हळींवरून बोटं जात होती आणि खडखड असा बारीक आवाज येत होता. बराच लांब गेल्यावर तो आवाज थांबला. मी फोन खिशात टाकला आणि धावले.

ते पत्र्याकडे तोंड करून उभे होते. इथून आत काही दिसत नव्हतं. नुसता पत्रा, माणसाच्या दुप्पट उंच. पण जागा ती होती, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं.

"काका," मी म्हटलं. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी मान वळवून बघितलं. राग नव्हता. नवल होतं थोडं, डेपोत साधी चौकशी खिडकीवर न करता कोणी गाडी चुकवली की त्यांना वाटायचं तसं.

"तू इचारलंस कधी?" ते म्हणाले.

मग पुन्हा पत्र्याकडे वळले. पूर्ण तळहात त्यावर टेकवला. ऊन वर आलं होतं, पत्रा तापलेला होता. मी शेजारी उभी राहून हात लावून बघितला आणि चटका बसून मागे घेतला.

त्यांनी घेतला नाही.